मावशीचा गुडघा

माझं काम काय ते सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग हळूच आपल्या माळ्यावरच्या पितळी घंगाळाचा भाव विचारतात. मी सरकारी नोंदणी कार्यालयात आहे. उचलून नेता येतील अशा जुन्या, मोलाच्या वस्तू जिथं असतील, शाळेत, सभागृहात, दवाखान्याच्या व्हरांड्यात, कुणाच्या दिवाणखान्यात, तिथं जायचं, फोटो काढायचे, मापं घ्यायची आणि अंगावरच्या खुणा लिहायच्या. खुणा म्हणजे देखणेपण नव्हे. तडा, टवका, कीड, जुनं ठिगळ, उडालेला रंग. वस्तू चोरीला गेली की तिच्या देखणेपणाचा काडीचा उपयोग नसतो, देखण्या वस्तू जगात ढिगानं पडल्यात. कामाला येतो तो टवका. "आमच्या फुलदाणीला कुठ्ठं काही लागलेलं नाही हो," असं कौतुकानं सांगणारा भेटला की मी मनात म्हणते, मग गेली की बसा बोंबलत.

तोंड माझं तिखट आहे, हे आधीच सांगून ठेवते. आई म्हणते, चोरांना काही न्यायचंच असेल तर तुझी जीभ न्यावी, मी तक्रार करणार नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सुतारांच्या संघाचं जुनं सभागृह आहे. संघ कधीच मोडला, सुतार पांगले. आता तिथं सकाळी वर्तमानपत्रं वाचणारे म्हातारे असतात, दुपारी शिवणवर्ग आणि संध्याकाळी भांडणं. आत शिरलं की समोरच्या भिंतीला पाठ लावून एक लाकडी बाई बसलेली. उंचीनं तीन वर्षांच्या पोराएवढी. पाय जवळ घेतलेले, एक हात मांडीवर, मान जराशी दाराकडे वळलेली, कुणीतरी यायचं राहिलंय अशी. ती कुणी कोरली, केव्हा कोरली, कुणाला ठाऊक नाही. आमच्या कार्डावर ती "बसलेली स्त्री, लाकूड" अशी आहे. गल्लीत तिला मावशी म्हणतात.

गल्लीतून कुणी लांब निघालं, परीक्षेला, नोकरीवर, सासरी, दवाखान्यात भरती व्हायला, की आधी सभागृहात जायचं, मावशीच्या उजव्या गुडघ्यावर हात ठेवायचा आणि "मावशी, येते गं" म्हणायचं. "जाते" म्हणायचं नाही. एवढंच. ना फूल, ना दिवा. देव मानणारे आणि न मानणारे दोघंही हात ठेवून जायचे. माझ्या धाकट्या भावाचं विमान चुकायची वेळ आली होती तरी आईनं गाडी सभागृहापाशी थांबवली. विमान दुसरं मिळेल, म्हणाली. पिढ्यान्‌पिढ्या हात ठेवून ठेवून त्या गुडघ्यावर वाटीएवढी खळगी पडली होती.

बाबा सुतार होते. कोरीवकामाचे, संघातल्या शेवटच्या काही माणसांपैकी. जुन्या लाकडाची दुरुस्ती निघाली की आमचं कार्यालय त्यांनाच बोलवायचं, आणि मला ही नोकरी लागली तीही, खरं सांगायचं तर, त्यांचा डबा पोचवता पोचवता. त्या दिवसांत आसपास चोऱ्यांचा सुळसुळाट झाला होता. आज इथलं घड्याळ, उद्या तिथला समईसारखा उंच दिवा. आमचे साहेब तेव्हा तरुण होते आणि तरुण साहेबांना कल्पना फार सुचतात. ते म्हणाले, मूळची मावशी आपल्या कार्यालयाच्या भांडारात आणू, तिच्या जागी नक्कल बसवू आणि हे कुणाला कळू द्यायचं नाही. कळलं तर नकलेचा उपयोग काय? साहेब, बाबा, सभागृहाचे कारभारीकाका आणि मी, एवढ्यांनाच माहीत. काका इतके घाबरले की त्यांनी आठवडाभर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, न जाणो बघता बघता तोंडातून निघून जाईल.

सभागृहाची डागडुजी काढली, मावशीला "उपचाराला" नेलं आणि बाबा काही महिने भांडाराच्या मागच्या खोलीत जाऊन बसले. कपाळावरचा तडा, डाव्या कानाची तुटलेली पाळी, किडीची भोकं, सगळं त्यांनी तंतोतंत उतरवलं. गुडघ्यापाशी आले आणि अडले. नव्या मावशीचा गुडघा त्यांनी भरीव, गोल ठेवला. साहेब म्हणाले, खळगी कोरा. बाबा म्हणाले, "झीज कोरायची नसते, साहेब. ती लोकांची कमाई आहे. मी कोरली तर लबाडी झाली." साहेबांनी समजावलं, मग चिडले, मग पुन्हा समजावलं. बाबा ढिम्म. त्यांचा हट्ट मला वारशात मिळाला आहे, दुसरं काही मिळालेलं नाही.

शेवटी साहेबांनी पुडी सोडून दिली की उपचारात गुडघा भरून घेतला. मावशी परत येऊन बसली त्या दिवशी गल्लीत हसून हसून पुरेवाट झाली. "मावशीचा गुडघा बदलून आणला," शिवणवर्गाच्या बाई म्हणाल्या. "आता सरकारला म्हणावं, माझेही दोन आहेत." म्हातारे थोडे कुरकुरले, हाताला चुकल्यासारखं वाटतं म्हणाले. मग परीक्षा आल्या, पोरं रांग लावून हात ठेवून गेली आणि सगळ्यांना सवय झाली. नियमाप्रमाणे तळाशी "नक्कल" असं कोरलेलं होतं आणि त्याखाली बाबांचं नाव. ते बघायला मावशीला उलटी करावी लागली असती, आणि मावशीला कोण उलटी करणार?

याला वीसेक वर्षं झाली. बाबा जाऊनही बरीच झाली. ते गेल्यावर आई रोज दुपारी सभागृहात जायला लागली. जायचं कुठं नसायचं, तरी गुडघ्यावर हात ठेवायची आणि बाकावर बसून राहायची. मी चिडवायचे, "आई, रोज कुठं निघतेस गं?" ती म्हणायची, "मी कुठं निघणार? बसायला जाते." मला वाटायचं, एकटी पडली आहे, तिथं चार माणसं भेटतात, बरंच आहे.

गेल्या वर्षी मावशी चोरीला गेली.

सकाळी वर्तमानपत्र वाचायला आलेल्या म्हाताऱ्यांना भिंत मोकळी दिसली. दाराचं कुलूप शाबूत, मागची खिडकी उचकटलेली. भिंतीवर मावशीच्या पाठीएवढा रंग जुना राहिला होता. शिवणवर्गाच्या बाईंना मी जन्मात कधी गप्प बघितलं नव्हतं, त्या पायरीवर बसून नुसत्या डोळे पुसत होत्या. काका मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "तरी बरं गं, खरी आपल्याकडे आहे." त्यांचा चेहरा मात्र काही बरं झाल्यासारखा नव्हता.

माझाही नसणार. खरी कुठं आहे ते मला चांगलं ठाऊक होतं, दर वर्षी हातमोजे घालून तिची तपासणी मीच करते. पण मला ती नको होती. मला बाबांची मावशी हवी होती.

घरी आले तर आई जेवणाच्या टेबलाशी बसलेली, समोर ताट नाही की पेला नाही. म्हटलं, आता कसलं गुपित आणि कुणापासून? तिच्याजवळ बसले आणि सांगितलं की गेली ती खरी मावशी नव्हे, नक्कल होती, खरी सुखरूप आहे.

"मला शिकवतेस?" आई म्हणाली. "त्या महिन्यांत ह्यांचे कपडे कोण धूत होतं? सांगायचे, खिडक्यांचं काम आहे म्हणून. खिशातून ढलप्या निघायच्या नखाएवढ्या. खिडकीला कुणी नखाएवढं कोरतं होय?"

"मग बोलली का नाहीस?"

"ते सांगत नव्हते, तर मी कशाला विचारू? त्यांना वाटत होतं मला माहीत नाही, वाटू दे." मग म्हणाली, "आणि तू मला काय वेडी समजलीस? रोज दुपारी त्या लाकडाच्या बाईशी माझं काय काम होतं? ह्यांनी घरात मागं ठेवलंय काय? सुताराचं घर, आणि धड खुर्ची नाही. सगळं लोकांकडे गेलं. ह्यांचं म्हणून हात लावावा असं ते एकच राहिलं होतं मला."

मी उठून तिच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला.

"आणून दे," आई म्हणाली. हट्टानं नव्हे, विजेचं बिल भरून ये म्हणते त्या आवाजात. "तुझं कामच आहे ना ते?"

काम माझंच, पण नियमही आमचेच. वस्तू चोरीला गेली की कार्डावरचा फोटो आणि खुणा पोलिसांना, बंदरांना, विमानतळांना, लिलाव करणाऱ्यांना पाठवायच्या. त्यासाठी कार्ड लागतं. आमच्या कार्यालयानं त्या सभागृहाची नोंद किती बारकाईनं केली आहे म्हणून सांगू? बाकांची कार्डं आहेत. दाराच्या कड्यांची आहेत. बंद पडलेल्या घड्याळाचं आहे. आणि जिच्या गुडघ्यावर सबंध गल्ली वीस वर्षं हात ठेवत होती, तिचं नाही. कारण नकलेची नोंद होत नसते, आणि केली असती तर गुपित फुटलं असतं. दुसऱ्या कुठल्या खात्याला हा शहाणपणा जमला नसता.

साहेब आता निवृत्तीला टेकलेत. त्यांना म्हटलं, काहीतरी करा. ते म्हणाले, "खरीचा फोटो पाठवायचा तर ती चोरीला गेलेली नाही. नकलेचा पाठवायचा तर तो आपल्याकडे नाही. आणि रागावू नकोस, पण तिला बसवली होती ती त्याचसाठी ना?"

"कशासाठी?"

"खरीच्या ऐवजी चोरीला जायला."

बरोबर बोलत होते. म्हणूनच माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "मग साहेब, चोरांना आभाराचं पत्र टाइप करू का?" असं विचारून मी बाहेर पडले.

फोटो नाही कसा? आमच्या गल्लीत असं घर नाही जिथं मावशीबरोबरचा फोटो नाही. मी सुट्टी टाकली आणि दारोदार फिरले. लोकांनी कपाटं उघडली, खोकी काढली, फोनमधलं धुंडाळलं. हा परीक्षेला निघालेला, ही लग्न होऊन निघालेली, हे दोघं बॅगा घेऊन. फोटोबरोबर माणसंही कळत गेली. "हा माझा थोरला. येतो म्हणून गेला, आता तिकडचाच झाला." "ही नणंद. हा तिचा शेवटचाच फोटो." एका घरात तर फोटो दाखवता दाखवता नवराबायकोचं भांडण लागलं, पोरगी कुणामुळे लांब गेली यावर. मावशीला सांगून गेलेली किती माणसं परत आलीच नाहीत, हे मी तोवर कधी मोजलं नव्हतं. मोजलंही नाही. मी आपली कपाळावरचा तडा आणि कानाची पाळी शोधत राहिले.

गंमत अशी, की फोटो पोतंभर जमले, पण एकातही गुडघा दिसेना. प्रत्येक फोटोत त्यावर कुणाचा तरी हात.

शेवटी आई आतून एक फोटो घेऊन आली. मी तो पूर्वी बघितला नव्हता, भावानं काढलेला असावा. दवाखान्यात भरती व्हायच्या दिवशीचे बाबा. शर्टाची बटणं वर-खाली लागलेली, पाय ओढत सभागृहात गेलेले. स्वतः कोरलेल्या बाईच्या गुडघ्यावर इतरांसारखाच हात ठेवून उभे आहेत. सगळे लोक कॅमेऱ्याकडे बघतात. बाबा हाताखाली बघत होते. ते काय करत होते ते मला लगेच कळलं, कारण कारागिराची ती नजर मी लहानपणापासून ओळखते. गुडघा किती झिजला ते तपासत होते. आणि चेहऱ्यावर, काय सांगू, इतकं समाधान होतं. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि भरपूर रडून घेतलं.

त्याच फोटोत तडा आणि कान सगळ्यांत स्वच्छ आले होते. चोरीच्या पत्रकात माणूस दिसलेला चालत नाही, कापावा लागतो. मी बाबांना कापलं. बोटं तेवढी राहू दिली.

पत्रक कार्यालयाच्या नावानं पाठवता येत नव्हतं. इतक्या वर्षांत ज्यांच्याशी फोनवर भांडले होते त्या सगळ्यांना मी ते स्वतःच्या नावानं पाठवलं, आणि भांडलेली माणसं विसरत नाहीत हा त्यातला फायदा. मग वाट बघणं. आई आधी रोज विचारायची, "काही कळलं का?" मग एक दिवस विचारायची थांबली. दुपारची सभागृहात मात्र जायची. मोकळ्या भिंतीसमोरच्या बाकावर बसायची आणि शिवणवर्ग सुटला की त्यांच्याबरोबर उठून यायची. मी एकदा तिला आणायला गेले तर तिचा उजवा हात मांडीवर उताणा पडलेला होता. तो हात बघून मला जे झालं ते कुणाला सांगता येण्यासारखं नाही.

फोन आला तो बंदरावरच्या गोदामातून. "बागेतलं सामान" असं लिहिलेल्या खोक्यात एक लाकडी बाई सापडली होती. तिथल्या अधिकाऱ्यानं पत्रक बघितलं होतं.

दिवसभराचा प्रवास करून पोचले. उंच छताचं गोदाम, डिझेलचा वास, भिंतीला टेकून ठेवलेली खोकी. अधिकारी तरुण होता, वागायला चांगला. त्यानं टेबलावरचा प्लास्टिकचा कागद बाजूला केला. मावशी दाराकडे मान वळवून बसली होती. तडा होता, कान होता. तळ चोरांनी तासून काढला होता. "नक्कल" गेलं होतं आणि बाबांचं नावही. पांढरंफटक लाकूड उघडं पडलं होतं.

मी बॅटरी काढून गुडघ्याच्या शेजारी आडवी धरली. समोरून उजेड टाकला तर काही कळत नाही, तिरका टाकला की पृष्ठभाग बोलायला लागतो, ही आमची रोजची युक्ती. गुडघा गोल राहिला नव्हता. माथ्यावर अगदी उथळ, बशीच्या कडेइतका खोलगटपणा आला होता आणि तेवढाच भाग तुळतुळीत. बाबांनी सोडून दिलेलं काम लोकांनी सुरू केलं होतं.

"आमच्या तज्ज्ञांचा अहवाल आलाय," अधिकारी म्हणाला आणि कागद माझ्यापुढे सरकवला. लिहिलं होतं, अडीचशे वर्षांहून जुनी, थोर कारागिराच्या हातची, दुर्मीळ. पुढं किंमत होती, ती वाचून मी खुर्ची ओढून बसले. डोळे भरून आले आणि हसूही यायला लागलं. थोर कारागीर. शर्टाची बटणं कधी धड लागली नाहीत त्या माणसाची.

"ताई, पाणी देऊ का?" त्यानं विचारलं.

पाणी प्यायले आणि विचारलं, आता पुढं काय. तो म्हणाला, जुनी वस्तू असेल तर ती खटल्याचा पुरावा. सरकारी भांडारात सीलबंद राहणार, निकाल लागेपर्यंत. "म्हणजे कधी?" तर म्हणाला, "माझी निवृत्ती आधी होईल." तिशीतला होता तो. आणि नक्कल असेल तर? मग प्रश्नच नाही, फोटो काढून ठेवतो, ज्याची वस्तू त्याला देऊन टाकतो. फक्त तुमच्या कार्यालयानं तसं लिहून द्यावं.

साहेबांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गुपित होतं तोवर माझी अक्कल होती. आता लिहून दिलं की माझी चूक होणार." मग त्यांनीच विचारलं, "गुडघा बघितलास?" म्हटलं, बघितला. "खळगी कोरायला लावली असती तर आज दोघींत फरक दाखवता आला नसता," ते म्हणाले. "हट्टी होते तुझे बाबा." तासाभरात पत्र आलं, सोबत भांडारातल्या मावशीच्या गुडघ्याचा फोटो. अधिकाऱ्यानं दोन्ही गुडघे शेजारी शेजारी ठेवून बघितले आणि मान डोलावली.

मग त्यानं अर्ज भरायला दिला. वस्तूचं वर्णन लिहिलं. पुढचा रकाना, ऐतिहासिक मूल्य. त्याच्या पुढचा, कलामूल्य. अधिकारी जरा ओशाळून म्हणाला, "ताई, तिथं 'नाही' असंच लिहावं लागेल. काही आहे म्हटलं की परत तज्ज्ञांकडे जाईल."

आयुष्यभर मी लोकांच्या फुटक्या वस्तूंचं मोल लिहीत आले. लिहिलं, नाही. खाली पुन्हा, नाही. खाली सही. माझ्या सहीत मधे बाबांचं नाव आहे. बाबांची मी मनात माफी मागितली आणि मग मावशीला चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन घरी आणली.

आई दारात उभी होती. चादर सोडली, मावशी टेबलावर ठेवली. मला वाटलं होतं, आई आता धावेल. ती लांबूनच बघत राहिली. मग म्हणाली, "तू आधी जेवून घे," आणि भाजी गरम करायला गेली.

दुसऱ्या दिवशी सभागृहात बैठक झाली, कारण आता सगळं उघड झालं होतं. काकांनी उभं राहून सांगितलं आणि खाली बसून घाम पुसला. मग जो गदारोळ उठला तो विचारू नका. वीस वर्षं आम्हाला फसवलं. वीस वर्षं नकलेला सांगून जात होतो, म्हणून आमचा पोरगा तिकडं रखडला. खरी आणा. मी सांगितलं, खरी हवी तर खिडक्यांना गज, दाराला घंटा, रात्रीचा पहारेकरी, एवढं आधी करा, मग अर्ज करा, मग मी स्वतः विरोध करीन. त्यावर आणखी आरडाओरडा झाला. शेवटी शिवणवर्गाच्या बाई उठल्या. "माझ्या ऑपरेशनच्या वेळी मी हिला सांगून गेले," म्हणाल्या. "हिला. ती भांडारातली कोण, कुठली, मला ओळखतपण नाही ती." ठरलं की हिलाच बसवायची, आणि या वेळी पाठीला लोखंडी पट्टी मारून भिंतीत पक्की जखडायची. सकाळी वेल्डिंगवाला घरी येऊन घेऊन जाणार.

सकाळी मी चहा केला. मावशी घरात आल्यापासून आई तिच्याभोवती वावरत होती, केर काढत होती, भांडी लावत होती, पण तिनं बोटसुद्धा लावलं नव्हतं. मला राहवेना. दार लोटलं आणि म्हटलं, "आई, नाही द्यायची तर नको देऊ. कागदावर हिला काही मोल नाही, मीच लिहून आलेय. कुणी मागू शकत नाही. ठेवून घेऊ आपल्याकडे."

"छे," आई म्हणाली. "तिथं बसायला केली ह्यांनी तिला. इथं भांड्यांत काय करेल ती?"

"मग निदान हात तरी लाव. दोन दिवस झाले."

आई टेबलाजवळ आली. गुडघ्याकडे बोट केलं, पण टेकवलं नाही. "कुठं लावू? बघ की काय झालंय. ह्यांनी गोल केला होता. चांगला गोल, मी पहिल्या दिवशीच बघितला होता. आता आहे का गोल?" तिचा आवाज चिरकला. "ह्यांचं तिथलं काम पुसून टाकलं मी. सगळ्यांनी कधीतरी हात लावला असेल, मी रोज लावला. ह्यांचं म्हणून लावत होते आणि ह्यांचंच घालवत होते."

मी तिला काय सांगणार? दर वर्षी हातमोजे घालणारी बाई मी. हात लागला की थोडं जातंच, हे मला तिच्यापेक्षा जास्त माहीत. बाबांना ते चाललं असतं, त्यांना तर तेच हवं होतं, असं म्हणायला तोंड उघडलं. पण तिला बाबांना काय हवं होतं ते नको होतं, तिला बाबा हवे होते. आणि मलाही.

मी चहाचे कप बाजूला सरकवले, मावशीचे दोन्ही खांदे धरले आणि तिला हळूहळू फिरवली. पाठ आमच्याकडे आली.

ती बाजू कायम भिंतीला लागलेली. तिला कुणाचा हात लागायचा प्रश्नच नव्हता. आणि दिसणार नाही म्हणून बाबांनी ती घासलीही नव्हती. पटाशीचे घाव जसेच्या तसे होते, मानेपासून खालपर्यंत, एकाखाली एक, अंगठ्याएवढे रुंद. काही खोल, काही नुसते ओढलेले. एका ठिकाणी लाकडाची गाठ आली होती, तिथं बाबा वळसा घालून गेले होते.

आईनं चष्मा डोळ्यांवर चढवला. मोडकी खुर्ची ओढून बसली. तळहात नाही ठेवला. एक बोट पुढं केलं आणि मानेखालच्या पहिल्या घावात ठेवलं, मग त्याखालच्या, मग त्याखालच्या. सावकाश.

"इथं जोर आहे बघ," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "इथं दमलेत."

दार वाजलं. वेल्डिंगवाला आला होता, पट्टी खांद्यावर, खाली गाडी उभी. मी दारातच त्याला म्हटलं, "जरा थांबता का? नाहीतर असं करा, संध्याकाळी या."

आतून आई म्हणाली, "उद्या म्हण."